प्रोटीन डेटा बँक: एचआयव्हीला अडवणाऱ्या प्रथिनांच्या वाचकाच्या नजरेतून

प्रोटीन डेटा बँक ही प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचे जागतिक भांडार सांभाळणारी मोफत सेवा १९७१ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत अवघ्या ७ रचनांवर सुरू झाली आणि २०२३ च्या आरंभी तिच्यातील नोंदींनी २ लाखांचा टप्पा ओलांडला. तिचे परीक्षण सरसकट करण्यात अर्थ नाही, कारण इतक्या मोठ्या भांडारात प्रत्येकाला आपापल्या कामाचे काहीतरी सापडतेच. म्हणून येथे प्रश्न एकच ठेवला आहे: मानवी पेशी एचआयव्ही आणि इतर रेट्रोव्हायरसना (आपल्या आरएनएपासून डीएनए बनवणाऱ्या विषाणूंना) जन्मजात साधनांनी कशी अडवते, हे समजून घेऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला किंवा शिक्षकाला ही सेवा कितपत उपयोगी पडते?

प्राथमिक सोयींबद्दल तक्रारीला जागा नाही. खाते उघडावे लागत नाही, शुल्क नाही, आणि माहितीच्या पुनर्वापरावर निर्बंध नाहीत. ‘मोल-स्टार’ हे रचना पाहण्याचे साधन ब्राउझरमध्येच चालते. प्रत्येक नोंदीला चार चिन्हांचा संकेतांक असतो. या लेखात ते देवनागरीत दिले आहेत, शोधताना मात्र ते रोमन अक्षरांत टंकावे लागतात.

सुरुवात विषाणूपासून करावी. ३जे३क्यू ही नोंद उघडली की एचआयव्हीच्या जनुकीय साहित्याभोवतीचे शंकूसारखे कवच पडद्यावर येते. इलिनॉय आणि पिट्सबर्ग येथील संशोधकांनी २०१३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील प्रतिमा आणि महासंगणकावरील गणन यांच्या साहाय्याने हे प्रतिरूप तयार केले. त्यात एकाच प्रथिनाच्या १,३५६ प्रती आहेत, २१६ षटकांत (सहा-सहाच्या गटांत) आणि १२ पंचकांत (पाच-पाचच्या गटांत) मांडलेल्या. सुमारे २४ लाख अणूंची ही फाइल साध्या मोबाइलवर उघडण्याचा हट्ट धरू नये. हे कवच नजरेखालून गेल्याशिवाय पुढचे काही नीट कळत नाही, कारण पेशीतील पहिला महत्त्वाचा पहारेकरी नेमका याच जाळीदार पृष्ठभागाला ओळखतो.

तो पहारेकरी म्हणजे ट्रिम-५ अल्फा. बोस्टनच्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेतील जोसेफ सोड्रोस्की यांच्या गटाने २००४ साली ऱ्हीसस माकडाच्या पेशींतून तो शोधून काढला. हे तेच लालसर तोंडाचे माकड, जे उत्तर भारतात देवळांच्या आवारात आणि रेल्वे स्थानकांवर सर्रास दिसते. त्याच्या पेशीत एचआयव्ही शिरला तर ट्रिम-५ अल्फाचे रेणू एकमेकांत गुंफून कवचावर स्वतःची षटकोनी जाळी पसरतात आणि विषाणूच्या आरएनएपासून डीएनए पुरता तयार होण्याआधीच संसर्ग खुंटतो. मानवाकडेही हे प्रथिन आहे आणि उंदरांच्या काही रेट्रोव्हायरसना ते चोख अडवते, परंतु एचआयव्ही-१ या एचआयव्हीच्या मुख्य प्रकारासमोर ते दुबळे ठरते. हा फरक किती लहान आहे, हे २००५ साली स्पष्ट झाले: मानवी प्रथिनातील ३३२ व्या स्थानावरील एकच अमिनो आम्ल, आर्जिनिन, बदलून तेथे प्रोलिन बसवले की मानवी ट्रिम-५ अल्फाही एचआयव्हीला रोखू लागते.

साहजिकच वाचकाला ते ३३२ वे स्थान पाहावेसे वाटते, आणि येथेच या सेवेची मर्यादा प्रथम जाणवते. कवचाला ओळखणाऱ्या भागाच्या रचना भांडारात आहेत, पण ३३२ वे स्थान ज्या फासासारख्या वळणात येते ते वळण अतिशय हलते आहे. स्फटिकातील क्ष-किरणांची पद्धत स्थिर गोष्टींचे चित्र उत्तम काढते. जे सतत हालत असते ते तिच्यात धूसर होते, किंवा स्फटिक मिळावा म्हणून संशोधक तो भाग मुळातच कापून टाकतात. भांडाराचा यात दोष नाही, तथापि संकेतस्थळ ही गोष्ट नवख्या वाचकाला ठळकपणे सांगत नाही. न दिसलेला भाग चित्रात फार तर एका तुटक रेषेने सूचित होतो, आणि तिचा अर्थ ज्याला ठाऊक नाही त्याला वाटते की तेथे काही विशेष नसावे. माझ्या मते रोधक प्रथिनांच्या अभ्यासात विशेष असते ते बहुतेक वेळा तेथेच.

सॅमएचडी-१ चे उदाहरण याहून बोलके आहे. २०११ साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिले की मानवाच्या मायलॉइड पेशींत (रोगप्रतिकारक पेशींच्या एका गटात) एचआयव्ही-१ चा जोर चालत नाही तो या प्रथिनामुळे. ते विकर आहे, आणि डीएनए बांधण्यासाठी लागणारे न्यूक्लिओटाइड ते तोडून टाकते. विभाजन न होणाऱ्या पेशीत हा साठा मुळातच कमी असतो, तो आणखी घटला की विषाणूची डीएनए-निर्मिती कच्च्या मालाअभावी रेंगाळते. हे विकर केवळ विषाणूसाठी घडलेले नाही. त्याच्या जनुकात बिघाड झालेल्या मुलांना ऐकार्डी-गुटिएर लक्षणसमूह हा गंभीर आजार होतो, ज्यात विषाणू नसतानाही शरीर विषाणू आल्यासारखे वागू लागते. भांडारात ३यू१एन ही २०११ ची नोंद उघडली तर सॅमएचडी-१ जोडीच्या रूपात दिसते. प्रत्यक्षात चार रेणू एकत्र आल्यावरच ते कार्यक्षम होते, हे पुढील काळातील रचनांनी सिद्ध केले. जुनी नोंद पुसली जात नाही, हे योग्यच आहे, पण ‘या प्रथिनाविषयी नंतर अधिक कळले आहे’ अशी एक ओळ तेथे असती तर वर्गात शिकवणाऱ्याचे काम हलके झाले असते.

एचआयव्ही-२ आणि त्याचे माकडांतील काही नातलग व्हीपीएक्स नावाचे प्रथिन बाळगतात. ते सॅमएचडी-१ ला पकडून पेशीच्याच कचरा-विल्हेवाट यंत्रणेच्या हवाली करते. पकड बसते ती प्रथिनाच्या अगदी शेवटच्या शेपटीवर, आणि सुरुवातीच्या रचनांत ही शेपूट जवळजवळ दिसतच नाही. ती प्रथम स्पष्ट दिसते ४सीसी९ या २०१४ च्या नोंदीत, कारण तेथे व्हीपीएक्सने तिला घट्ट धरून ठेवले आहे. या दोन नोंदी शेजारी शेजारी उघडून पाहाव्यात, असा माझा आग्रह आहे. शत्रूने पकडल्यानंतरच जो अवयव स्थिर होऊन दृष्टीस पडतो, तोच उत्क्रांतीच्या झटापटीचा खरा आखाडा होता, हे कोणत्याही आकृतीपेक्षा या दोन खिडक्यांतून लवकर उमगते.

ॲपोबेक-३जी बद्दल भांडार अधिक उदार आहे. लंडनस्थित मायकेल मालिम यांच्या गटाने २००२ साली ओळखलेले हे प्रथिन नव्या विषाणुकणात लपून पुढच्या पेशीत जाते आणि तेथे विषाणूचा डीएनए लिहिला जात असताना त्यातील सायटोसिन या घटकाचे युरासिल करत सुटते. परिणामी विषाणूच्या जनुकांत जी (ग्वानिन) च्या जागी ए (ॲडेनिन) अशा चुका इतक्या साचतात की तो निकामी होतो. एचआयव्हीने यावर आपल्या व्हिफ या प्रथिनाचा उपाय शोधला. ४एन९एफ या नोंदीत व्हिफने पेशीचीच चार प्रथिने कशी गोळा केली आहेत ते दिसते, मात्र त्यात सावज, म्हणजे स्वतः ॲपोबेक-३जी, नाही. ते व्हिफच्या मिठीत दिसण्यासाठी २०२३ उजाडावे लागले, आणि तेव्हा अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून आलेल्या रचनांनी दाखवले की दोघांच्या मधोमध आरएनएचा तुकडा बसलेला असून तोच त्यांना जोडतो. या नोंदी पाहताना १२८ वे स्थान शोधावे. मानवात तेथे ॲस्पार्टिक आम्ल आहे, आफ्रिकी हिरव्या माकडात लायसिन. एवढ्या एका फरकाने एचआयव्ही-१ चा व्हिफ त्या माकडाच्या प्रथिनापुढे हतबल होतो.

टेथरिनची कथा थोडक्यात सांगतो. २००८ साली उलगडलेले हे प्रथिन दोन्ही टोकांनी पेशीच्या पटलात रुतलेले असते, त्यामुळे बाहेर पडू पाहणारे विषाणुकण दाव्याला बांधलेल्या गुरांसारखे पेशीच्या पृष्ठभागालाच अडकून राहतात. २०१० च्या रचनांत मधला लांब दांडा सुरेख दिसतो. परंतु माकडांतील बहुतेक विषाणू आपल्या नेफ प्रथिनाने ज्या आतल्या शेपटीला लक्ष्य करतात, आणि मानवी प्रथिनातून ज्या शेपटीतील पाच अमिनो आम्ले गळून गेल्यामुळे एचआयव्ही-१ ला नेफऐवजी व्हीपीयू हे आपले दुसरे प्रथिन वापरणे भाग पडले, ती शेपूट त्या रचनांत नाही. ती पाहण्यासाठी पुन्हा विषाणूच्या प्रथिनासह केलेली २०१४ ची स्वतंत्र नोंद शोधावी लागते, आणि भांडारातील शोधपेटी या दोन्ही नोंदींचा असा परस्परसंबंध आपणहून सुचवत नाही.

आता काही व्यावहारिक बाबी. २०२२ पासून या संकेतस्थळावर संगणकाने भाकीत केलेली प्रतिरूपेही शोधता येतात. ती पूर्ण प्रथिनाची असल्याने मोहक वाटतात, पण हलत्या वळणांच्या जागी त्यांचा रंग कमी खात्रीचा असतो, तो दुर्लक्षून ३३२ व्या स्थानाविषयी निष्कर्ष काढू नयेत. प्रायोगिक नोंदींच्या पानावरील गुणवत्तेची रंगीत पट्टी मात्र अवश्य पाहावी. एवढ्या मोठ्या भांडारात ती आवर्जून दाखवली जाते, याचे श्रेय संचालकांना द्यायला हवे. शिक्षकांसाठीच्या ‘पीडीबी-१०१’ या विभागात डेव्हिड गुडसेल यांनी जानेवारी २००० पासून अनेक वर्षे दरमहा एका रेणूची ओळख करून दिली. त्यांची जलरंगी चित्रे आणि संयत गद्य हा या सेवेचा सर्वांत मानवी भाग आहे. मराठीत येथे काहीही उपलब्ध नाही, त्यामुळे इंग्रजी परिभाषेशी झुंजणाऱ्या बारावीच्या विद्यार्थ्याला ही सेवा एकट्याने वापरायला सांगणे अन्यायाचे होईल. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याने, शक्यतो शिक्षकासोबत आणि मोठ्या पडद्यावर, ती जरूर वापरावी.

औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एक नोंद जादा पाहावी: कवचाच्या षटकाला चिकटलेल्या लेनाकॅपाविरची. अमेरिकेत २०२२ साली उपचारासाठी आणि २०२५ साली प्रतिबंधासाठी मान्यता मिळालेले, वर्षातून दोनदा टोचायचे हे औषध कवचातील दोन शेजारी प्रथिनांमधल्या खोबणीत बसते. सीपीएसएफ-६ हे मानवी प्रथिनही तेथेच बसते, आणि विषाणू त्याचा उपयोग केंद्रकात पुढे सरकण्यासाठी करून घेतो. दोन्ही नोंदी मोल-स्टारमध्ये एकमेकींवर ठेवून पाहता येतात. पर्याय मेनूत थोडा आत दडलेला आहे, पण सापडतो.