डंकावरची कोल्हापुरी चटणी परदेशी नेताना

शिकायला परदेशी निघालेल्या पोरापोरींच्या बॅगेत कोल्हापुरातून चटणी जातेच. चटणी म्हणजे अर्थात वर्षाची कांदा-लसणाची, लाल. ती तीन तऱ्हांनी मिळते: डंकावर (मिरची-मसाला कुटायच्या यंत्रावर) कुटून घेतलेली, दुकानातली सुटी आणि पाकिटातली. तिन्हींत डंकावरची सरस आहे. पण घरच्या बरणीसाठी करतो तीच दोन डबे भरून दिली, तर तिकडे ती बिघडते. पोरांसाठी थोडी वेगळी करावी लागते आणि ती जूनच्या आत करावी लागते.

आधी तिचा खरा उपयोग. तिकडं चार-सहा जणांत एक स्वयंपाकघर, फ्रिजमधला अर्धा कप्पा आणि छताला धुराचा अलार्म. कांदा-खोबरं भाजून वाटण करायला ना वेळ असतो ना मिक्सर. चटणीत कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने सगळं आधीच तळून-भाजून कुटलेलं असतं. म्हणजे दोन चमचे चटणीतून तिखट, मसाला आणि वाटण तिन्ही मिळतं. नुसती मिरचीपूड हे काम करू शकत नाही, म्हणून बॅगेत जागा कमी असेल तर बाकीच्या मसाल्यांच्या पुड्या काढा, चटणी ठेवा.

मिरची निम्मी संकेश्वरी, निम्मी ब्याडगी. संकेश्वरी तिखटाला आणि वासाला, ब्याडगी रंगाला. घरी संकेश्वरी जास्त घालत असाल तरी इथं निम्मीच ठेवा, कारण तिकडं चटणी थोड्या तेलात आणि बऱ्याचदा डब्यातल्या टोमॅटोत शिजते. तिखट बोचतं आणि रंग मात्र फिका दिसतो. एक किलो मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, 100 ग्रॅम आलं, पाव किलो धने, 100 ग्रॅम तीळ, 50 ग्रॅम जिरं, पाव किलो मीठ आणि खडा मसाला नेहमीच्या अंदाजानं. घरी पाव किलो घालत असाल तर खोबरं 150 ग्रॅमवर आणा. चटणीला सहा-आठ महिन्यांनी जो खवट वास येतो, तो बहुतेक वेळा खोबऱ्याच्या आणि तिळाच्या तेलाचा असतो.

खसखस अजिबात नको. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस बंदी असलेल्या मालात मोडते आणि आपली बरीच मुलं दुबई-अबुधाबीवरूनच पुढं जातात. पुढचं विमान चुकलं आणि तिथं बॅग ताब्यात घ्यायची वेळ आली तर नसतं संकट. चवीत फरक पडतो तो फार थोडा, तेवढे तीळ वाढवले की भागतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते कांद्यात. घरच्या चटणीत कांदा लालसर परतला तरी चालतो, कारण इथं ती बरणीत दाबून भरलेली असते आणि आई अधूनमधून बघत असते. परदेशी जाणाऱ्या चटणीचा कांदा आधी उभा पातळ चिरून दोन दिवस कडक उन्हात वाळवायचा, मग तेलात कुरकुरीत तळायचा. हाताच्या मुठीत दाबल्यावर तो चुरला पाहिजे. लवचीक वाकला तर आत पाणी आहे आणि त्याच पाण्यावर पुढं बुरशी धरते. लसूणही ठेचून, पाणी आटेपर्यंत परतायचा. ओली कोथिंबीर घालायचीच असेल तर वाळवून आणि तळून, नाहीतर सोडून द्या.

म्हणूनच एप्रिल-मे. व्हिसा हातात येतो जुलैत आणि मग घरात चटणीची आठवण होते. तोवर पावसानं मिरची सर्द झालेली असते, ऊन नसतं, कांदा वाळत नाही. व्हिसा नाही मिळाला तर चटणी घरात संपते, त्यात नुकसान काहीच नाही. तेव्हा व्हिसाची वाट बघू नका.

डंकावर नेताना मिरची देठं काढून, उन्हात कडकडीत करून न्या. आदल्या गिऱ्हाईकाची चटणी उखळात राहिलेली असते, म्हणून आपलं थोडं खडे मीठ आधी कुटून ते बाजूला काढायला सांगा. मिरची आधी, चाळून, मग मसाला, तळलेला कांदा-लसूण शेवटी आणि मग सगळं एकत्र पुन्हा एकदा. गिरणीत मिरची वेगानं दळताना तापते, वास उडतो आणि कांदा-लसूण तर त्यात घालताच येत नाही. डंकाला वेळ लागतो, ठसका बसतो, पण चटणी बोटांत घेतली की तेलकट, जरा भरड लागते आणि बोटं लाल होतात. गिरणीची पूड कोरडी, मऊ असते. घरी आणल्यावर पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम भरली तर झाकणाला आतून घाम येतो.

किती द्यायची? सपाट चमचाभर चटणी साधारण चार ग्रॅम. रोज दोन चमचे, आठवड्यातून चार दिवस स्वयंपाक, म्हणजे आठवड्याला 32 ग्रॅम. वर्षाला पावणेदोन किलो भरपूर झाली. डबा न देता पाव-पाव किलोच्या सात व्हॅक्यूम पिशव्या करा. डब्यातून तेल झिरपतं आणि कपड्यांवर पडलेला तो डाग निघत नाही. प्रत्येक पिशवीवर इंग्रजीत पदार्थाचं नाव आणि घटक लिहिलेला कागद चिकटवा. बॅग चेक-इनचीच, मिरचीचं काहीही हातातल्या बॅगेत ठेवायचं नाही. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात उतरताना खाद्यपदार्थ आहेत असं फॉर्मवर किंवा तोंडी सांगायचंच. सांगितल्यावर फार तर वस्तू काढून घेतात, लपवल्यावर दंड होतो. सोबत कढीपत्ता आणि तुपाचा डबा कोंबायचा मोह टाळा: अमेरिकेत कढीपत्ता नेता येत नाही आणि युरोपीय संघात दुधाचे पदार्थ.

तिकडं गेल्यावर एक पिशवी काचेच्या बरणीत हिंगाचा खडा टाकून वापरात, बाकी फ्रीजरमध्ये. प्लास्टिकचा डबा कायमचा लाल होतो. फ्रीजरमधली पिशवी बाहेर काढली की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फोडू नका, नाहीतर हवेतलं पाणी आत धरतं. चमचा कोरडा.

थंडीत चटणीचे गोळे झाले म्हणून टाकून देऊ नका. खोबऱ्याचं तेल 24 अंशांच्या आसपास गोठतं. डोक्याच्या तेलाची बाटली थंडीत घट्ट होते तसंच. गोळा बोटानं फुटला आणि वास चांगला असला तर चटणी ठणठणीत आहे. पांढरी लव आणि कुबट वास असेल तर मात्र अख्खी पिशवी फेकायची, वरचा थर काढून भागत नाही.

रस्सा करताना अलार्म वाजतो तो तापलेल्या तेलात चटणी टाकल्यामुळं. दोन मोठे चमचे तेल तापवायचं, भांडं शेगडीवरून उचलून बाजूला ठेवायचं (काचेची विजेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते), अर्धा मिनिट थांबून दोन चमचे चटणी घालायची, दहा सेकंद हलवून लगेच पाव कप पाणी. मग परत शेगडीवर. कट (लाल तेलाचा तवंग) वर आला की 400 ग्रॅमच्या डब्यातले छोले निथळून, अर्धा डबा टोमॅटो, दीड कप पाणी. बारा-पंधरा मिनिटांत दोघांचं जेवण. अंडी उकडून घातली तरी हाच हिशेब. मीठ शेवटी चाखून, कारण चटणीत आहेच. आणि सोबत राहणाऱ्यांना चटणीत तीळ आहेत हे आधी सांगा. तिळाची ॲलर्जी असणारे तिकडं भेटतात, अमेरिकेत तर 2023 पासून तीळ मुख्य ॲलर्जी-घटकांच्या यादीत आहेत.

कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरी बाजारातली सुटी चटणी चवीला चांगली मिळते, पण कांदा किती वाळवला आणि खसखस आहे का, हे दुकानदाराला खोदून विचारावं लागतं. उत्तर ठाम नसेल तर महिना-दोन महिन्यांपुरतीच द्या. पाकिटातली मीठाला जड आणि कांद्याला हलकी वाटते, कटही कमी येतो. पण बंद पाकीट आणि छापलेले घटक असल्यामुळं विमानतळावर तीच सोपी जाते. जुलैत धावपळीनं निघणाऱ्यानं सरळ अर्धा किलो पाकिटातली घ्यावी, घटकांत खसखस नाही एवढं बघून. तिकडच्या भारतीय किंवा तुर्की दुकानात तळलेला कांदा तयार मिळतो. तो मूठभर चुरून रस्स्यात घातला आणि लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून टाकल्या, की पाकिटातल्या चटणीची उणीव बऱ्यापैकी भरून निघते.