फेंटानिल आणि ब्युप्रेनॉर्फिनचे पॅच: कुणासाठी बरे, कुणासाठी नको

पॅच चिकटवला की तासाभरात दुखणं थांबतं, अशा समजुतीने ज्यांनी तो घरी आणलाय त्यांची पहिली रात्र वाईट जाते. फेंटानिल आणि ब्युप्रेनॉर्फिन ही मॉर्फिनच्या जातीची, म्हणजे ओपिऑइड गटातली, जोरदार वेदनाशामकं; पॅचमधून ती कातडीवाटे हळूहळू अंगात जातात. फेंटानिलचा पॅच लावल्यापासून त्याचा खरा गुण दिसायला बारा ते चोवीस तास लागतात आणि रक्तातली पातळी स्थिरावायला जवळजवळ दुसरा पॅच उजाडतो. काढल्यावरही तेच. पॅच सोलून टाकला तरी कातडीखाली साठलेलं औषध रक्तात उतरत राहतं आणि पातळी निम्म्यावर यायलाच सतरा तास किंवा त्याहून जास्त वेळ जातो. या उत्पादनाची सगळी गुणवत्ता आणि सगळा धोका या संथपणात आहे. पुढचं परीक्षण त्याच नजरेने वाचावं.

बाजारात मुख्य दोन प्रकार आहेत. फेंटानिल दर ७२ तासांनी बदलायचं. ताकद दर तासाला १२, २५, ५०, ७५ किंवा १०० मायक्रोग्रॅम. ड्युरोजेसिक हे त्यातलं मूळ नाव, आता इतर कंपन्यांचेही मिळतात. दुसरा ब्युप्रेनॉर्फिनचा, सात दिवसांचा. ताकद तासाला ५, १० किंवा २० मायक्रोग्रॅम. (ब्युप्रेनॉर्फिनचे ३५, ५२.५ आणि ७० चे, आठवड्यातून दोनदा बदलायचे पॅचही काही देशांत मिळतात. चिठ्ठीवर नुसतं ‘ब्युप्रेनॉर्फिन पॅच’ लिहिलं असेल तर आकडा आणि दिवस दोन्ही विचारून घ्या.)

डायक्लोफेनॅकचा पॅच जिथे दुखतं तिथे लावतात, लिडोकेनचाही तसाच. त्या सवयीने फेंटानिल-ब्युप्रेनॉर्फिनचे पॅचही गुडघ्यावर नाहीतर कंबरेवर चिकटवलेले सर्रास दिसतात. त्याचा उपयोग नाही. हे औषध कातडीतून रक्तात जाऊन मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतं, दुखऱ्या जागेशी त्याला देणंघेणं नाही. जागा हवी ती सपाट, केस कमी असलेली, फारशी न वाकणारी: छातीचा वरचा भाग, पाठीचा वरचा भाग, दंडाची बाहेरची बाजू. रुग्ण भ्रमात असेल आणि ओढून काढत असेल तर दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे त्याचा हात पोचत नाही.

लावताना कातडी फक्त साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करायची. साबण, स्पिरिट, डेटॉल, तेल, पावडर यातलं काहीही नको. काहींनी पॅच सुटतो, काहींनी कातडीची औषध शोषण्याची गती बदलते. केस असतील तर कात्रीने कापा, वस्तरा फिरवू नका, कारण बारीक ओरखड्यांतून औषध भराभर आत जातं. पाकीट फाडल्यावर लगेच लावायचा आणि तळहाताने ३० सेकंद दाबून धरायचा, कडा विशेष. बोटांनी घासून बसवण्यापेक्षा तळहाताची ऊब जास्त कामाची. पुढचा पॅच नव्या जागी. ब्युप्रेनॉर्फिनच्या बाबतीत तीच जागा तीन आठवडे वापरायची नाही, नाहीतर शोषण वाढतं. नवा लावण्याआधी जुना निघाला का ते डोळ्यांनी बघा. काही पॅच पारदर्शक असतात, पाठीवर दिसतच नाहीत, आणि दोन पॅच एका अंगावर राहणं ही नेहमीची चूक आहे. तारीख आणि वेळ कॅलेंडरवर लिहावी. सोमवारी सकाळी नऊला लावला तर गुरुवारी सकाळी नऊला बदलायचा, ‘गुरुवारी कधीतरी’ नव्हे.

चिकटण्याच्या बाबतीत गुण कापावे लागतात. विदर्भातला मे किंवा कोकणातला दमट जून असेल तर तिसऱ्या दिवशी कडा उचलतातच. कडांवर मेडिकल टेप लावली तर चालते, वरून पारदर्शक ड्रेसिंग चिकटवलं तरी चालतं. पूर्ण सुटून पडला तर तोच पुन्हा चिकटवायचा नाही. नवा घ्यायचा, वेगळ्या जागी लावायचा आणि तास तिथून नव्याने मोजायचे.

उष्णतेचा मुद्दा मात्र चिकटण्यापुरता नाही. कातडी तापली की औषध जास्त वेगाने आत जातं. अंगात ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ फॅरेनहाइट ताप असेल तर फेंटानिलची पातळी सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकते, असा हिशेब उत्पादकांच्याच माहितीपत्रकात आहे. आपल्याकडे धोका आणखी घरगुती आहे: गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, बंबातलं कढत पाणी थेट पाठीवर, उन्हात खाट टाकून झोपणं, तेल लावून मालीश. पॅच अंगावर असताना त्या जागेवर यातलं काहीच नको. अंघोळ जरूर करावी, कोमट पाण्याने. ताप चढला तर तो उतरवा, डॉक्टरांना कळवा आणि रुग्णाची गुंगी वाढतेय का याकडे लक्ष ठेवा.

कापून अर्धा लावणं ही काटकसर कुणीही करू नये. औषध किती वेगाने सुटेल हे पॅचची रचना आणि आकार ठरवतात. आत जेल असलेल्या जुन्या धाटणीच्या पॅचमध्ये कड तुटली तर सगळा साठा एकदम बाहेर येतो. २००८ साली अमेरिकेत असे पॅच याच दोषामुळे परत मागवले गेले होते. आताचे बहुतेक पॅच मॅट्रिक्स प्रकारचे, म्हणजे औषध थेट गोंदात मुरवलेले असतात. गळतीचा प्रश्न त्यात नाही, तरी कापलेल्या तुकड्याच्या मात्रेची हमी कुणी देत नाही. कमी डोस हवा असेल तर १२ चा पॅच मागा.

आता गणित, कारण पाकिटावरचा मोठा आकडा फसवतो. फेंटानिलच्या २५ च्या एका नेहमीच्या पॅचमध्ये ४.२ मिलिग्रॅम औषध असतं. तासाला २५ मायक्रोग्रॅम धरले तर ७२ तासांत अंगात जातं १.८ मिलिग्रॅम. म्हणजे ‘संपलेल्या’ पॅचमध्ये निम्म्याहून जास्त औषध शिल्लक. ब्युप्रेनॉर्फिनच्या ५ च्या पॅचमध्ये ५ मिलिग्रॅम असतं आणि आठवड्यात जेमतेम ०.८४ वापरलं जातं. पॅच चालण्यासाठी हा साठा लागतोच, कारण कातडीतून औषध ढकलण्याचं काम त्या साठ्याचा दाबच करतो. पण त्यामुळे वापरलेला पॅचही नव्याइतकाच जपून हाताळावा लागतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये लहान मुलांच्या हाती चुकून लागलेल्या फेंटानिल पॅचची २६ प्रकरणं तपासली. त्यातली १० मुलं दगावली होती, बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आतली. नातवाला कडेवर घेतलं आणि आजोबांच्या दंडावरचा सैल पॅच त्याच्या अंगाला चिकटला, इतकं साधं ते घडतं. लहान मूल असलेल्या घरात पॅच पाठीवरच लावावा, वर ड्रेसिंग आणि कपडा.

कुणासाठी? फेंटानिलचा पॅच हे पहिलं औषध कधीच नाही. जो आधीपासून निदान आठवडाभर रोज ६० मिलिग्रॅम तोंडाने घ्यायचं मॉर्फिन किंवा त्याच्या बरोबरीचं काही घेतोय आणि ज्याचं दुखणं एका पातळीवर स्थिर आहे, त्याच्यासाठीच तो. २५ चा पॅच रोजच्या साधारण ६० ते ९० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या जागी बसतो. ट्रॅमाडॉल या सौम्य ओपिऑइडच्या दोन गोळ्यांवर असलेल्या आजींना थेट २५ चा पॅच लावला तर श्वास मंदावण्याची खरी भीती आहे. ऑपरेशननंतरचं दुखणं, दाढेचं दुखणं, आज आहे उद्या नाही असं काहीही, यासाठी पॅच अजिबात नको, कारण दुखणं उतरलं तरी औषध उतरत नाही. याउलट गिळता येत नसेल, तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग असेल, सारख्या उलट्या होत असतील, आतड्यात अडथळा असेल, तिथे फेंटानिलला तोड नाही. मूत्रपिंड निकामी असताना मॉर्फिनचे घटक शरीरात साठतात. तिथे फेंटानिल सोयीचं आणि ब्युप्रेनॉर्फिन त्याहून सोयीचं. मात्र फार वाळलेल्या, चरबी न उरलेल्या रुग्णात फेंटानिल कमी शोषलं जातं. डोस वाढवत गेलं तरी आराम नाही, तर दोष रुग्णाच्या सहनशक्तीचा नसून कातडीचा असू शकतो.

ब्युप्रेनॉर्फिनच्या ५ ची सुरुवात आधी ओपिऑइड न घेतलेल्या रुग्णातही करता येते, म्हातारपणच्या सांधेदुखीत तो लिहिला जातो तो यामुळेच. मात्र रोज ८० मिलिग्रॅमहून जास्त मॉर्फिन लागणाऱ्याला त्याचा २० चा पॅचही पुरत नाही, आणि २० च्या वर नेला तर हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत आलेखात बदल होण्याचा धोका आहे. आमचं मत विचाराल तर निव्वळ जुनी कंबरदुखी, सांगता येण्याजोगं कारण नसलेलं अंगदुखणं यासाठी दोन्ही पॅच नकोत. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये, कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यात ओपिऑइड सुरूच करू नये, असं स्पष्ट सांगितलंय.

मॉर्फिनवरून पॅचवर येताना मधला काळ भरून काढावा लागतो. बारा तासांची गोळी चालू असेल तर शेवटची गोळी आणि पहिला पॅच एकाच वेळी. चार तासांची असेल तर पॅच लावल्यावरही पहिले बारा तास ती चालू ठेवतात. आणि पॅच असला तरी अचानक उसळणाऱ्या दुखण्यासाठी जलद काम करणाऱ्या मॉर्फिनची गोळी घरात हवी. ती न लिहिता नुसता पॅच दिला असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. डोस वाढवायची घाई नको: फेंटानिल पहिल्यांदा तीन दिवसांनी, नंतर सहा-सहा दिवसांनी, ब्युप्रेनॉर्फिन तीन दिवसांच्या आत नाही. आराम नाही म्हणून स्वतःहून दुसरा पॅच शेजारी चिकटवणं हा थेट अतिमात्रेचा रस्ता आहे.

इतर औषधांबद्दल एक गोष्ट डॉक्टरही विसरतात. गजकर्णासाठी आपल्याकडे सर्रास लिहिलं जाणारं इट्राकोनॅझोल यकृतात फेंटानिल मोडणारं एन्झाइम अडवतं आणि पातळी वाढते. क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम यांचंही तेच. क्षयाचं रिफॅम्पिसिन बरोबर उलटं करतं, पॅचचा गुण घटवतं. आणि क्षयाचा कोर्स संपला की तोच डोस अचानक जास्त ठरतो. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी किंवा दारू सोबत असेल तर श्वास मंदावण्याचा धोका वाढतो, ब्युप्रेनॉर्फिनमध्येसुद्धा. एमआरआय असेल तर आधी सांगा. काही पॅचच्या पाठीला धातूचा थर असतो आणि तो तापून कातडी भाजते.

दुष्परिणामांत मळमळ आणि गुंगी पहिल्या आठवड्यात ओसरते. पॅचखालची खाज ब्युप्रेनॉर्फिनला जास्त. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. मॉर्फिनपेक्षा कमी असली तरी पहिल्या दिवसापासून सेन्ना किंवा बिसाकोडिलसारखं रेचक लागतं. घरोघरचा इसबगोल इथे चालत नाही. आतडं मंद झालेलं असताना पाणी कमी पडलं की तो आतच घट्ट बसतो. महिनोन्‌महिने वापरल्यावर एकदम बंद करू नये, घाम, जुलाब, बेचैनी सुरू होते.

मिळण्याची अडचण खरी आहे. अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एनडीपीएस कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि फेंटानिल, मॉर्फिन यांसारखी औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली. राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या संस्थांना ती ठेवता येतात. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये फेंटानिल मागून उपयोग नाही. परळचं टाटा मेमोरियल, पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर, वांद्र्यात आणि गोव्यात शांती आवेदना सदन, अशा ठिकाणांपासून चौकशी सुरू करावी. पैशाच्या बाबतीत पॅच हरतो. ज्याला गिळता येतं त्याला मॉर्फिनची गोळी तितकाच आराम कितीतरी कमी खर्चात देते, आणि डोसही तासागणिक बदलता येतो.

हाक मारल्यावर नीट जाग न येणं, घरघरता किंवा अडखळता श्वास, मिनिटाला आठाहून कमी श्वास, टाचणीच्या टोकाएवढ्या डोळ्यांच्या बाहुल्या: ही चिन्हं दिसली तर पॅच काढा, जागा पाण्याने धुवा, १०८ ला फोन करा. नॅलोक्सोन हा ओपिऑइडवरचा उतारा दिल्यावर माणूस शुद्धीवर आला तरी लगेच घरी नेऊ नका. त्याचा असर तासाभरात ओसरतो, कातडीखालचं फेंटानिल दिवसभर झिरपत राहतं.

काढलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडा, रिकाम्या पाकिटात घाला आणि बंद डब्यात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. घंटागाडीत टाकू नका. जिथून आणला तिथे परत द्या; काही केंद्रं जुने पॅच मोजून घेतल्याशिवाय नवे देत नाहीत. हात साध्या पाण्याने धुवा, साबणाने नाही. रुग्ण गेला तर अंगावरचा पॅच काढून घ्यायला विसरू नका. कपाटात उरलेले पॅच ‘मावशींचीही कंबर दुखते’ म्हणून पुढे जाण्याआधी, त्याच आठवड्यात केंद्रात जमा करा.