विंडोज दहा संपलं: अकरा घ्यावं, मिंट टाकावं की थांबावं?

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात तीन कॉम्प्युटर आहेत. एक मालकांच्या टेबलावर, एक दिवाणजींचा आणि एक मागच्या खोलीत, ज्यावर जॅकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइनं होतात. तिन्हीवर विंडोज १०. मालकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "सगळ्यांवर एकदाच अकरा टाकून द्या की ओ, किती होतील?" मी दर सांगितला नाही. आधी तिन्ही कॅबिनेट उघडली, मग तिघांना विचारलं की दिवसभर तुम्ही कोणता प्रोग्राम उघडून बसता. संध्याकाळपर्यंत तीन मशीनची तीन वेगळी उत्तरं निघाली. शहरात बहुतेक दुकानांत आणि घरांत आज हाच प्रश्न आहे, म्हणून त्या दिवशी जे तपासलं ते सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमचं पोट ज्या एका प्रोग्रामवर आहे तो, आणि कॉम्प्युटरच्या मागे जोडलेल्या वायरी, म्हणजे प्रिंटर, डोंगल (सॉफ्टवेअर उघडायची यूएसबीची किल्ली), अंगठ्याचं यंत्र, या सगळ्यांना जी सिस्टीम चालते ती तुमची सिस्टीम. नवी-जुनी, फुकट-विकत हे सगळं त्यानंतर.

नेमकं काय संपलं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन त्यामुळे बंद पडत नाही, म्हणून बरेच जण "चालतंय की" म्हणून सोडून देतात. बंद झाल्या त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातल्या कॉम्प्युटरवरच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. ज्या भगदाडातून तो शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती टाकली नव्हती ते अडकले. दुरुस्ती हाताशी असूनही ही गत झाली, मग जिथे दुरुस्ती येणारच नाही तिथे इंटरनेट चालू ठेवून बँकेचे व्यवहार करणं मला पटत नाही.

थांबायचंच असेल तर रीतसर थांबता येतं. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव सुरक्षा योजना ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यात शिरायच्या वाटा तीन: ३० डॉलर किंवा आपल्या चलनात तेवढी रक्कम भरा, १,००० रिवॉर्ड पॉइंट द्या, नाहीतर विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊ द्या, मग पैसे लागत नाहीत. मशीन २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर असावं लागतं. ही सवलत निर्णयासाठी वेळ विकत घेण्यापुरती आहे. ती घेऊन निर्णयच विसरला, तर पुढच्या दिवाळीला पुन्हा तिथेच.

अकरा: कुणाला जमतं, कुणाला नाही

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं. मूळ लायसन्सचं विंडोज १० असेल आणि मशीन बसत असेल, तर वर जायला पैसे लागत नाहीत. अडचण "मशीन बसत असेल" इथेच आहे. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर, एवढं लागतं. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढे, एएमडी असेल तर रायझन २००० मालिकेपासून पुढे.

पिढी ओळखायची सोपी खूण आहे. प्रोसेसरच्या नावात आय५-७४०० असेल तर तो सातव्या पिढीचा, बाद. आय५-८४०० असेल तर आठव्या पिढीचा, चालेल. आय५-१०४०० असेल तर दहाव्या. टीपीएमसाठी विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून इंग्रजीत टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. "सापडत नाही" असं आलं तरी लगेच नवीन मशीन घ्यायला निघू नका. जुळवणी करून घेतलेल्या पुष्कळ कॉम्प्युटरांत टीपीएम असतं, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाने सापडतं, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने. आमच्या डिझाइनच्या मशीनचं नेमकं हेच झालं होतं, दोन मिनिटांचं काम.

न बसणाऱ्या मशीनवर युक्ती लढवून अकरा टाकून देणारे भेटतात. घरी प्रयोग म्हणून ठीक आहे. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २४एच२ आवृत्तीपासून फार जुन्या प्रोसेसरवर ते सुरूच होत नाही. ज्या मशीनवर जीएसटी भरला जातो तिथे हे मी करत नाही. कागदावर ४ जीबी लिहिलेलं असलं, तरी टॅली, ब्राउझर आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदम उघडणाऱ्या माणसाला ८ जीबी आणि एसएसडी (जुन्या हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) नसेल तर अकरा जीव नकोसा करतं.

आणि ज्याच्याबद्दल कुणी सांगत नाही, ते खात्याचं प्रकरण. अकरा बसवताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतात. आपल्याकडे दुकानदार कामात असतो, मग बसवणारा माणूस स्वतःच्याच मेलवर खातं उघडून मोकळा होतो. नव्या मशीनवर २४एच२ बसवताना अशा खात्याने शिरलं की बहुधा डिस्कवर आपोआप कुलूप बसतं, आणि त्याची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जाते. नव्या पेठेतल्या एका दुकानात बायोसमध्ये कुणीतरी काहीतरी बदललं आणि सकाळी निळ्या पडद्यावर ती किल्ली मागितली गेली. ज्याने मशीन बसवलं होतं त्याचा नंबर बदललेला, मेल कुणालाच माहीत नाही. सणाच्या तोंडावर चार दिवस मालक रोज फोन करत होते आणि माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हतं. माणूस पाचव्या दिवशी सापडला म्हणून उधारीचा हिशेब बचावला. तेव्हापासून मी एकच हट्ट धरतो: खातं मालकाच्या मेलवर, मालकाच्या मोबाइलवर, आणि किल्ली छापून तिजोरीत. अकरा घेणार असाल तर एवढं करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

वनड्राइव्हकडेही, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन कपाटाकडेही, लक्ष ठेवा. तो डेस्कटॉपवरच्या फाइली गुपचूप आपल्याकडे ओढू लागतो, फुकटची ५ जीबी जागा भरली की पैसे मागतो, आणि दिवाणजी म्हणतात फाइल गेली. नको असेल तर पहिल्याच दिवशी बंद करा.

मिंट: फुकट आहे म्हणून नको, जमतंय म्हणून घ्या

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम. तिच्या अनेक प्रकारांत मी विंडोजवरून येणाऱ्याला लिनक्स मिंटच सुचवतो. खाली डावीकडे मेन्यू, तशीच पट्टी, तशाच खिडक्या. हात अडखळत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पिढी-टीपीएमची अट नाही. २ जीबी रॅमवर चालतं, ४ असेल तर बरं, आणि जुन्या मशीनसाठी एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती आहे. सगळ्यात मोठी सोय म्हणजे बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, हार्डडिस्कला हात न लावता. वायफाय लागतो का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, हे अर्ध्या तासात कळतं.

मराठीत लिहिणाऱ्यांना इथे दोन गोष्टी माहीत हव्यात. युनिकोड मराठी मिंटवर उत्तम चालतं, इनस्क्रिप्ट आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायचा, दोन्ही कीबोर्ड जोडता येतात. विंडोजवरही २०१९ पासून मराठी फोनेटिक आतच मिळतो, त्यामुळे या बाबतीत दोघं बरोबरीत. पण श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं पत्रिका नि हँडबिलं लावणाऱ्या डीटीपीवाल्यांनी मिंटचा विचार सोडावा. ते टायपिंग, कोरलड्रॉ, सगळं विंडोजवरच बसलेलं आहे, आणि जुन्या फाइली रोज उघडाव्या लागतात.

टॅलीचंही तेच. टॅली प्राइम लिनक्ससाठी मिळत नाही. वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वगैरे जुगाडाने ते चालवून दाखवणारे आहेत, पण रिटर्नच्या शेवटच्या तारखेला जुगाड अडला तर कुणाकडे जाणार? उलट जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्ये चालतं. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला ओटीपीवर रिटर्न भरता येतो, त्यामुळे तिथे मिंट अडत नाही. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीचं टोकन लागतं, आणि त्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्सला मिळतो का हे टोकन देणाऱ्याला विचारून घ्यावं लागतं. अंगठ्याची यंत्रं चालवणाऱ्या सेवा केंद्रांनीही आधी यंत्राच्या कंपनीला विचारावं. काही जुने लेसर प्रिंटरही मिंटवर फार छळतात. एचपीचे बरेचसे मात्र सरळ लागतात.

वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस येतं. पत्रं, साधी पत्रकं, बिलं आरामात होतात. एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या सूचना, लिहून ठेवलेले असतील तर मोडतात, हे कबूल करायला हवं.

बाकीचे पर्याय थोडक्यात. क्रोमओएस फ्लेक्स फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवर हलकं चालतं, पण ते म्हणजे जवळजवळ नुसता ब्राउझर. मोबाइलची अ‍ॅप त्यावर चालत नाहीत, आणि नेट गेलं की फारसं हातात राहत नाही. मॅक ज्यांना हवा त्यांनी जरूर घ्यावा, फक्त जुन्या बाजारातला इंटेलवाला घेऊ नका. मॅकओएस २६ ही इंटेलला चालणारी शेवटची आवृत्ती आहे.

त्या ऑफिसात काय ठरलं

मालकांचं मशीन दहाव्या पिढीचं, एसएसडी असलेलं. टॅली आणि डिजिटल सही त्यावरच. तिथे अकरा, काही प्रश्न नाही.

दिवाणजींचं मशीन उघडलं आणि आधी पंखाच दिसेना. कारखाना भिंतीपलीकडे, रुई उडत येते. पंख्याखालचा थर सोलून काढला तर घोंगडीच्या तुकड्यासारखा अखंड हातात आला. तापलेला प्रोसेसर स्वतःला सावकाश करतो, म्हणून सहा महिने "विंडोज स्लो झालंय" ही तक्रार होती. तुमचं मशीनही एकदा उघडून बघा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. त्याचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा, म्हणजे अकरा विसरायचं. पण खरी गोष्ट वेगळीच होती. कामगारांची हजेरी आणि पगार डॉसच्या काळात फॉक्सप्रोमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामवर निघतात, आणि तो ३२ बिटच्या विंडोज १० वर चालतो. अकरा फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यावर असे १६ बिटचे प्रोग्राम सुरूच होत नाहीत. डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो उघडता येईल, मिंटवरही, पण डॉट मॅट्रिक्सवर पगारपत्रक छापताना ओळी सरकल्या तर कामगार रांगेत उभे राहतील. दिवाणजींनी एकच विचारलं, "माझं हजेरीचं चालंल ना त्यावर?"

तिथे मी विंडोज १० तसंच ठेवलं आणि नेटची वायर काढून टाकली. पगाराला इंटरनेट लागत नाही. एक पेनड्राइव्ह फक्त त्या मशीनसाठी ठेवला, पगार झाला की त्यावर बॅकअप, आणि तो दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावायचा नाही. जुनी हार्डडिस्क मात्र बदलून एसएसडी घेतली. मेल आणि बँकेसाठी दिवाणजी आता मालकांच्या शेजारच्या टेबलावर बसतात. थोडी गैरसोय आहे, त्यांनी ती मान्य केली.

मालकांच्या जुळे सोलापुरातल्या घरी मुलीचा सहाव्या पिढीचा लॅपटॉप आहे. ती कॉलेजात पायथन शिकते, बाकी व्हिडिओ आणि असाइनमेंट. तिथे मिंट टाकलं. तिने दोन दिवस पेनड्राइव्हवरून चालवून बघितलं आणि मग स्वतःच म्हणाली, "काका, हेच ठेवा."

राहिलं डिझाइनचं मशीन. आठव्या पिढीचं, टीपीएम चालू झालेलं, अकरा बसेल असं. पण जॅकार्डचं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर चालतं, आणि ते अकरावर ओळखलं गेलं नाही तर डिझाइनवाल्याचा हात थांबतो, त्याच्यामागे माग थांबतात. म्हणून त्याला सध्या धंद्यासाठीच्या वाढीव सुरक्षा योजनेत घातलंय आणि सॉफ्टवेअरवाल्यांना मेल करून लेखी विचारलंय: तुमचं डोंगल विंडोज ११ वर चालतं का, ड्रायव्हर कोणता, पैसे किती. उत्तर आलं की आधी पूर्ण डिस्कची नक्कल काढायची, ती दुसऱ्या मशीनवर उघडते का बघायचं, आणि मगच रविवारी कारखाना बंद असताना हात लावायचा.