यॉर्कची चालत सहल: टॉवरला पाच तारे, गाईडला तीन

मार्चच्या शेवटी आई-बाबा लीड्सला आले होते, त्यांना घेऊन ही दोन तासांची ‘मध्ययुगीन यॉर्क’ टूर केली. बाबा जिल्हा बँकेच्या वसुली खात्यातून रिटायर झालेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्यामुळेच घडलं.

गाईड तरुण, आवाज खणखणीत. आईच्या गुडघ्यांचा अंदाज घेऊन सावकाश चालला, त्याचे पूर्ण मार्क. पण क्लिफर्ड्स टॉवर या जुन्या किल्ल्याच्या बुरुजाखाली आल्यावर त्याने आवाज एकदम खाली आणला. म्हणे, इथे मेलेल्या ज्यूंचं रक्त पावसात अजून या दगडांतून झिरपतं. झालं, सगळ्यांचे फोन वर! अहो, पण ११९० साली हा दगडी टॉवर होता कुठे? तेव्हा होता लाकडी, तो ज्यू मेले त्याच रात्री जळाला. आताचा दगडी टॉवर तेराव्या शतकातला, तिसऱ्या हेन्रीच्या काळातला. भुताच्या गोष्टीला दहा मिनिटं दिली आणि खऱ्या गोष्टीला जेमतेम तीन.

खरी गोष्ट अशी. ११८९च्या सप्टेंबरात राजा रिचर्डच्या राज्याभिषेकाच्या दिवशी लंडनमध्ये ज्यूंवर हल्ले झाले आणि ते लोण गावोगाव पसरलं. पुढच्या मार्चमध्ये यॉर्कचे ज्यू, बायकापोरांसकट सुमारे दीडशे जण, जीव वाचवायला किल्ल्याच्या बुरुजात शिरले. बाहेर जमावाचा वेढा. १६ मार्चच्या रात्री बहुतेकांनी आपल्याच हातांनी आपल्या माणसांना संपवलं आणि बुरुजाला आग लावली. बाप्तिस्मा घेतो म्हणून अभयाच्या भरवशावर सकाळी बाहेर आलेल्यांना दारातच कापलं.

इथवर गाईडने सांगितलं. नंतर जमाव मिन्स्टरमध्ये, म्हणजे यॉर्कच्या मोठ्या चर्चमध्ये गेला, तिथे ठेवलेले ज्यूंचे कर्जरोखे रखवालदारांकडून हिसकावले आणि चर्चच्या फरशीवरच त्यांची होळी केली. हे मात्र त्याने एका वाक्यात उरकलं. बाबा तिथेच अडले.

“अगं, विचार त्याला, पुढाकार कोणाचा होता? कर्जदारांचाच ना?”

विचारलं. हो म्हणाला, रिचर्ड मालबिस नावाचा सरदार ज्यूंच्या कर्जात होता. बस, बाबांची गाडी सुटली. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, तिथून थेट कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीच्या १८७९च्या कायद्यापर्यंत. “पण आपल्याकडे राग बहुतेक कागदावरच निघाला. इथे आधी माणसं जाळली, मग कागद.” मी जमेल तसं भाषांतर करत होते. एक जर्मन आजी मान डोलावून ऐकत होत्या.

गाईडने न सांगितलेला भाग आम्ही घरी येऊन वाचला. ज्यूंना बहुतेक धंदे बंद, व्याज घेणं ख्रिश्चनांना निषिद्ध, म्हणून सावकारी ज्यूंच्या गळ्यात. राजा त्यांना आपली मालमत्ताच समजायचा, वाटेल तेव्हा कर पिळायचा. यॉर्कच्या लोकांना दंड झाला, पण ११९४मध्ये राजाने व्यवस्था लावली ती रोख्यांची: प्रत्येकाची नक्कल सरकारी पेटीत. “म्हणजे खरा सावकार राजाच,” बाबा म्हणाले. वसुली खात्यातल्या माणसाला हे दोन ओळींत कळतं. १२७५मध्ये ज्यूंना व्याजही बंद, छातीवर पिवळा बिल्ला सक्तीचा. १२९०मध्ये, पिळायला काही उरलं नाही तेव्हा, पहिल्या एडवर्डने सगळ्यांना देशाबाहेर घालवलं. उघडपणे परत यायला १६५६ उजाडलं.

टॉवर मात्र बघाच. २०२२मध्ये आत नवीन लाकडी मचाण बांधलंय, त्यावरून अख्खं गाव आणि मिन्स्टर दिसतं. खाली १९७८ची साधी पाटी आहे. टेकाडावर डॅफोडिल्स फुलली होती. सहा पाकळ्यांची फुलं, ज्यूंच्या सहा कोनी ताऱ्याची आठवण म्हणून लावलेली.

टूर तिथेच संपते, पण तुम्ही थांबू नका. फॉस नदीकडे ज्यूबरी नावाचा रस्ता आहे. तिथे ज्यूंचं कब्रस्तान होतं. १९८०च्या दशकात सुपरमार्केट बांधण्याआधी खोदलं तर जवळजवळ पाचशे सांगाडे निघाले. आता गाड्या उभ्या असतात.

आईचं माहेर अलिबागचं. रस्त्याची पाटी वाचून म्हणाली, “आमच्या इस्राएल आळीतही आता ज्यूंची फार घरं उरली नाहीत. पण ती माणसं आपल्या मनाने गेली, सगळ्यांना भेटून, निरोप घेऊन.”

टॉवरचं तिकीट टूरमध्ये धरलेलं नाही, वेगळं काढावं लागतं. पायऱ्या चांगल्याच उभ्या आहेत. आई खालच्या बाकावर बसून राहिली.