होरेस सिल्व्हरचा 'साँग फॉर माय फादर': वारसा ठेक्यात मुरलेला

या जॅझ अल्बमच्या मुखपृष्ठावरचे हॅटवाले गृहस्थ म्हणजे जॉन तवारेस सिल्व्हा, पियानोवादक होरेस सिल्व्हरचे वडील. ते मूळचे पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे या बेटांच्या देशातल्या मायो बेटावरचे. तिथल्या लोकसंगीताचं मुलाने जॅझमध्ये काहीतरी करावं, अशी त्यांची इच्छा होती. वाट सापडली ती 1964 मध्ये, ब्राझीलला जाऊन आल्यावर. दोन्ही देशांवर पोर्तुगीजांचं राज्य होतं, तेव्हा हा वळसा दिसतो तितका लांबचा नाही.

शीर्षकगीत ऐकताना आधी बेसकडे कान द्या. षड्ज-पंचम, षड्ज-पंचम, इतकंच. आणि पियानोचा डावा हात तेच धरून ठेवतो. एफ मायनर पट्टी, 24 बारचं (चार मात्रांचा एक बार) आवर्तन, 8-8-8 असे तीन तुकडे. पहिले दोन सारखे, तिसरा वेगळा. कॉर्डांचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्यांचे) मूळ सूर एफ, ई फ्लॅट, डी फ्लॅट, सी असे पायरीपायरीने उतरतात. लोकवाद्यं नाहीत, वेशभूषा नाही. वारसा ठेक्यात आणि चालीच्या साधेपणात मुरलेला आहे, म्हणूनच तो खरा वाटतो. आधी सिल्व्हरचा सोलो, मग टेनर सॅक्सोफोनवर जो हेंडरसन. हेंडरसन छोट्या तुकड्यांनी सुरू करून ताण चढवत नेतो. अल्बमची सगळ्यात मोलाची मिनिटं हीच.

वाजवणारे इथे दोन ठिकाणी हमखास चुकतात. अर्ध्या मात्रेचे सूर (एट्थ नोट्स) स्विंग जॅझसारखे एक लांब-एक आखूड असे लंगडते केले की बोसा नोव्हा या ब्राझिली ठेक्याचा सपाट झुला मोडतो. आणि बेसवाल्याने कंटाळून मधले सूर भरले की सोलोच्या पायाखालची जमीन सरकते.

बाकी अल्बम एकसंध नाही, हे घेण्याआधी माहीत असावं. 'कलकत्ता क्यूटी' आणि 'लोनली वूमन' 31 ऑक्टोबर 1963 ला जुन्या संचासोबत झाल्या, उरलेल्या चार 26 ऑक्टोबर 1964 ला नव्या संचासोबत. 'कलकत्ता क्यूटी'चा वारशाशी संबंध नाही. नावावर जाऊ नका. 'के पासा' मात्र शीर्षकगीताची सख्खी बहीण आहे. 'द किकर' हेंडरसनची रचना, वेगवान आणि चोख. 'लोनली वूमन' फक्त त्रयीची (पियानो, बेस, ड्रम्स). जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या त्याच नावाच्या रचनेशी गल्लत नको.

ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डरचं. ट्रम्पेट-सॅक्सोफोन आणि झांजा लखलखीत, पियानो मात्र थोडा डब्यात बसल्यासारखा. तो दोष मूळ टेपचाच, तुमच्या यंत्रणेचा नव्हे. फोनच्या स्पीकरवर बेस गायब होतो आणि शीर्षकगीताचा अर्धा जीव जातो, तेव्हा निदान बरे हेडफोन लावा.

सीडी घेणार असाल तर चार जादा रचना असलेली आवृत्ती घ्या. तीत 'के पासा'चं 1963 चं त्रयीरूप आहे. ते आधी ऐकून मग पाच जणांचं लावलं, की ट्रम्पेट-सॅक्सोफोन आल्यावर सिल्व्हरने पियानोतून काय काय काढून टाकलं ते स्पष्ट कळतं.