बारा कटर, त्यांतले कामाचे पाच : हॅलोवीन कुकी संच अकरा महिने वापरल्यानंतर

गेल्या सप्टेंबरात हा संच घेतला. स्टेनलेस स्टीलचे बारा कटर, वीस पायपिंग बॅगा, तीन नोझल, काळा, नारिंगी आणि जांभळा असे तीन जेल रंग आणि एक सुईसारखी टोचणी. खोकं उघडलं त्याच दिवशी लिहिलं असतं तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते, सगळं इतकं लखलखीत होतं. आता चाचणीच्या दोन खेपा, ३१ ऑक्टोबरची पार्टी आणि त्यानंतर निरनिराळ्या निमित्तांनी सात-आठ वेळा वापर, एवढं पदरी आहे. हिशेब असा: पाच कटर सतत हाताशी असतात, तिघांना अधूनमधून बाहेरची हवा मिळते आणि चार नुसते खण अडवून बसलेत.

कामाचे पाच म्हणजे भूत, शवपेटी, भोपळा, कवटी आणि कँडी कॉर्नचा (मक्याच्या दाण्याच्या आकाराची हॅलोवीनची गोळी) तो गोलसर त्रिकोण. अडून बसलेले चार म्हणजे कोळी, शेपूट उंचावलेली मांजर, झाडूवरची चेटकीण आणि झपाटलेलं घर. खोक्यावरच्या फोटोत नेमके हेच चौघे पुढे आहेत, आणि मीही त्यांनाच भुलले होते.

कोळ्याचं सांगते. कटर दाबला, उचलला, तर धड ओट्यावर आणि तीन पाय कटरमध्येच. टोचणीने ते पाय काढून जागच्या जागी चिकटवले. ओव्हनमधून बाहेर आले तेव्हा पाय तपकिरी आणि पोट पांढरंफटक. थंड झाल्यावर ट्रेवरून उचलताना आणखी दोन मोडले. पार्टीत एका आठ वर्षांच्या पाहुण्याने ताटलीतला कोळी उलटापालटा करून पाय मोजले आणि मला गंभीरपणे सांगितलं, "काकू, सहा पाय म्हणजे हा कीटक झाला. कोळ्याला आठ असतात." त्याने तो कीटक खाल्ला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

मांजरीच्या शेपटीची आणि झाडूच्या दांड्याची रडकथा हीच. कुकीचा एखादा भाग बोटाहून बारीक असला की तो आधी भाजून निघतो आणि बाकीचं अंग मागे राहतं. वटवाघूळ मधल्या गटात आहे, कारण त्याच्या पंखांची टोकं करपतात, पण त्यावर उपाय सापडला: वटवाघळांचा ट्रे वेगळा ठेवायचा आणि इतरांपेक्षा दोन मिनिटं आधी काढायचा. पहिल्या खेपेला मी एकाच ट्रेवर भोपळे आणि वटवाघळं शेजारी शेजारी मांडली होती. भोपळे नीट झाले तोवर वटवाघळांची खरोखरच रात्र झाली.

आता धातूविषयी. कड खालून धारदार आहे, कापणं स्वच्छ होतं, याबद्दल तक्रार नाही. पण वरची कड वळवलेली नाही, त्यामुळे तीस-चाळीस कुकी कापल्या की तळहातावर भुताची आकृती उमटते. मी कटरवर एक चपटं लाकडी झाकण ठेवून दाबते. जिथे पट्टीची दोन टोकं एकावर एक जोडली आहेत तिथे बारीक फट आहे. त्या फटीत पीठ अडकतं, धुतल्यावर पाणी अडकतं, आणि चौथ्या महिन्यात दोन कटरांच्या जोडापाशी तांबूस ठिपके आले. स्टेनलेस आहे म्हणून मी निर्धास्त होते. आता धुऊन पुसून, ओव्हन बंद केल्यावर त्याच्या उरलेल्या उबेत दहा मिनिटं ठेवते. नवे ठिपके आलेले नाहीत.

पत्राही तसा पातळच. भोपळ्याचा कटर खणात एका जड वाडग्याखाली दबला आणि उभट झाला. हातांनी बराच सरळ केला, पण आता त्यातून निघणारा भोपळा कमी आणि सलगम जास्त दिसतो. मी ते तसंच राहू दिलंय. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये हॅलोवीनचे कंदील आधी सलगमच कोरून करत, भोपळा आला तो लोक अमेरिकेत गेल्यावर. तेव्हा माझा कटर बिघडला असं न म्हणता मूळपदावर आला म्हणते.

संचासोबत पाककृतीचं एक कार्ड येतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यात एक चमचा बेकिंग पावडर घालायला सांगितलीय. मी घातली आणि कवट्यांचे गाल सुजले, डोळ्यांच्या खोबणी भरून आल्या. आकार टिकवायचा असेल तर पीठ फुगवणारं काहीही नको. मी आता २२५ ग्रॅम बिनमिठाचं बटर, २०० ग्रॅम साखर, एक अंडं, व्हॅनिला, चिमूटभर मीठ आणि साधारण ३९० ग्रॅम मैदा घेते. बटर आणि साखर एकजीव होईपर्यंतच फेटायची. हलकं होईस्तोवर फेटलं की हवा भरते आणि कुकी पसरते. सहा मिलिमीटर जाड लाटायचं, कापलेले आकार ट्रेसकट पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये, मग १७५ अंशांवर दहा ते बारा मिनिटं. यात चोवीसेक कुकी होतात. फ्रीजरची पायरी गाळून बघितली आहे. शवपेटीचे कोपरे गोल झाले आणि ती साबणाची वडी दिसू लागली.

खरं नाट्य आयसिंगमध्ये आहे. कटर तुम्हाला फक्त बाह्यरेषा देतो. भीती, हसू, दात, सगळं वरून चढतं. रॉयल आयसिंगसाठी, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या साखरेच्या थरासाठी, मी ४५० ग्रॅम आयसिंग शुगर, तीन मोठे चमचे मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्याची सुकी पूड) आणि पाच ते सहा मोठे चमचे पाणी घेते. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यानेही होतं, पण मुलांना द्यायचं असताना साल्मोनेला जंतूंची धास्ती कशाला, म्हणून पावडरच. भांड्याला तुपाबटरचा अंश राहिला तर आयसिंग उभं राहत नाही. प्लास्टिकचं भांडं कितीही घासलं तरी ओशट राहतं. मी काच किंवा स्टीलच वापरते.

घट्टपणा ओळखायची खूण अशी: सुरीने आयसिंगवर एक रेघ ओढा आणि आकडे मोजा. पंधरा-वीस आकड्यांत रेघ बुजली तर ते भरायला योग्य. दहाच्या आत बुजली तर कडेवरून ओघळणार. डोळे, दात, टाके यांसाठी रेघ तशीच राहील इतकं घट्ट हवं. सोबतच्या तीन नोझलांपैकी सर्वांत बारीक तेवढं कामाचं. इतर दोघांतून आयसिंग बदाबदा पडतं. भरायला नोझल लागतच नाही, बॅगेचं टोक कात्रीने किंचित कापलं की झालं. बॅगा मात्र बऱ्या निघाल्या, वीसपैकी दोनच शिवणीत फुटल्या. एक फुटली ती माझ्या बाहीवर, जांभळ्या रंगाची.

काळ्या रंगाविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण हॅलोवीन म्हटलं की काळ्यावाचून सुटका नाही आणि संचातला काळा जेल हा या खरेदीतला सर्वांत कच्चा दुवा आहे. पांढऱ्या आयसिंगमध्ये तो थेंब थेंब घालत गेले. आधी राखाडी, मग पावसाळी ढग, मग शाळेची पाटी. काळा काही होईना. चिडून जवळजवळ अर्धी बाटली ओतली. झाला एकदाचा काळा, पण चव कडू, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोटाला चिकटत होता. रंग प्रमाणाबाहेर गेला की आयसिंग धड वाळत नाही, हे तेव्हा कळलं. पार्टीत मुलांचे ओठ, दात, जिभा काळ्या झाल्या. त्यांना ते भलतंच आवडलं. एकमेकांना जिभा दाखवण्याची स्पर्धा लागली. मुलांना न्यायला आलेल्या आयांच्या चेहऱ्यावर मात्र वेगळे भाव होते.

आता मी पांढऱ्यापासून सुरुवातच करत नाही. आयसिंगमध्ये आधी दोन चमचे कोको चाळून घालते, थोडं पाणी वाढवते, आणि त्या तपकिरीवर काळा जेल चढवते. रंग पाटीसारखा झाला की थांबायचं, झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी तो आपोआप गडद झालेला असतो. जेल निम्म्याहून कमी लागतो आणि कडूपणा कोकोत दडतो.

पार्टीच्या आदल्या रात्रीची दुसरी गोष्ट. वेळ कमी म्हणून पांढऱ्या भुतांवर तासाभरातच काळे डोळे काढले आणि झोपायला गेले. सकाळी बघते तर प्रत्येक डोळ्यातून राखाडी ओघळ खाली उतरलेला. बारा भुतं रांगेत बसून रडत होती. मी डोक्याला हात लावला, पण पार्टीत सगळ्यांत आधी तीच संपली आणि "रडणारी भुतं कशी केलीत?" असं दोघींनी विचारलं. खरं कारण सांगितलं नाही. रडणारी भुतं नको असतील तर पांढरा थर आठ ते बारा तास वाळू द्या आणि मगच घट्ट काळ्याने डोळे काढा. हवा दमट असेल तर रात्रभर पंखा लावून ठेवा. पंख्याने दुसराही फायदा होतो: कवटीच्या दातांसारख्या लहान जागांत भरलेलं आयसिंग वाळताना मध्ये खचतं आणि खड्डा पडतो, ते बरंच कमी होतं.

टोचणी हा संचातला न मिरवणारा हिरा. बुडबुडे फोडायला, आयसिंग कोपऱ्यांत ढकलायला आणि सर्वांत मुख्य म्हणजे जाळं ओढायला. शवपेटीवर पांढरं आयसिंग भरायचं, ते ओलं असतानाच एका कोपऱ्यापासून काळ्याच्या तीन-चार कमानी काढायच्या आणि त्याच कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला टोचणीने रेघा ओढायच्या. प्रत्येक रेघेनंतर टोक पुसायचं, नाहीतर पांढऱ्याचा चिखल होतो. मिनिटाभरात करावं लागतं, कारण वर साय धरली की टोचणी ती फाडते. पण साधलं की कोळ्याचा कटर परत हातात घ्यावासा वाटत नाही. जाळ्यात काळा ठिपका आणि आठ केसाएवढ्या रेघा काढल्या की कोळी तयार, आणि पाय मोडायची भीती नाही. घराचंही तेच. उभ्या शवपेटीवर दोन पिवळ्या खिडक्या आणि एक वाकडं दार काढलं की घर झपाटतं.

नारिंगी जेल उत्तम. जांभळ्याने दगा दिला. पारदर्शक डब्यातल्या चेटकिणीच्या टोप्या खिडकीजवळ चार दिवस होत्या. वरची निळी पडली, खालची जशीच्या तशी जांभळी. यातला गुलाबी अंश उजेडात आधी उडतो आणि निळा मागे राहतो. तेव्हापासून डबा बंद कपाटात.

एक सूचना, संचाशी थेट संबंध नसली तरी. चंद्रकोरीवर चंदेरी पूड लावायची हौस मलाही आली होती. डबीवर नुसतं "नॉन-टॉक्सिक" असेल तर ती खायची पूड नव्हे. खाण्यायोग्य असं स्पष्ट लिहिलेलं आणि घटकांची यादी दिलेली असेल तरच घ्या.

ऑक्टोबरनंतर कटर पडून राहतील असं वाटलं होतं. पण भूत उलटं केलं की ट्यूलिपचं फूल होतं, कँडी कॉर्न उलटा केला की आइस्क्रीमचा कोन होतो, आणि माझा तो उभट भोपळा उलटून लाल रंगवला तर फर्मास स्ट्रॉबेरी होते. वाढदिवसांना हेच तीन चालले. शवपेटीतून कुठल्याही शुभ प्रसंगाला चालेल असं काही काढणं मला जमलेलं नाही.

पाचपैकी साडेतीन तारे देईन. अर्धा काळ्या जेलसाठी कापला, अर्धा त्या पाककृतीच्या कार्डासाठी, अर्धा जोडातल्या फटीसाठी. विक्रेत्याला ठिपक्यांचे फोटो पाठवले होते. उत्तरात कटर कसे धुवावेत याची चित्रं आली. पुन्हा घ्यायची वेळ आली तर अख्खा संच घेणार नाही, पाच सुटे कटर आणि चांगल्या प्रतीचा काळा जेल घेईन.

यंदाच्या पार्टीसाठी पाच कटर आणि टोचणी वेगळ्या डब्यात काढून ठेवली आहेत. कोळ्याचा कटर मुलीने मागून घेतला. ती त्याने चिकणमातीचे कोळी कापते, आणि तिथे आठही पाय टिकतात.