चोवीस हजारांत झेड-फोरचा विमा: कागद कारचा, पॉलिसी दुचाकीची

जुन्या स्पोर्ट्स कारचा ‘सेकंड कार स्कीम’मध्ये अर्ध्याहून कमी पैशांत फुल विमा काढून देतो, असं सांगणारा कोणी भेटला तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे २४,५०४ रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे कित्येक महिने माझी गाडी विम्याशिवाय रस्त्यावर फिरत होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

गाडी २०१० सालची बीएमडब्ल्यू झेड-फोर, एसड्राइव्ह ३५आय. २९७९ सीसीचं टर्बो इंजिन, दोनच सीट, आणि बटण दाबलं की वीसेक सेकंदांत घडी होऊन डिकीत बसणारं अ‍ॅल्युमिनियमचं छत. रोजच्या कामाला घरची होंडा सिटी आहे. ही फक्त रविवारी सकाळी निघते, ताम्हिणीला नाहीतर वाईपर्यंत. पुण्यात मी जिथे जिथे विचारलं तिथे फुल विम्याचा आकडा पासष्ट हजारांच्या पुढेच निघाला. वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला एवढे पैसे भरणं जिवावर येतंच, आणि हे लोक नेमकं तेच हेरतात.

हा माणूस मला गॅरेजमध्ये भेटला. बोलायला मुद्देसूद, घाई अजिबात नाही. त्याने सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्याच्या धंद्याचं सगळं कसब तिथेच आहे. “दादा, सिटीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा घेतलाय ना? मग या गाडीवर परत घ्यायची गरज नाही.” हे शंभर टक्के खरं आहे, तो विमा माणसाचा असतो, दर गाडीमागे पुन्हा भरावा लागत नाही. मग त्याने मोबाइलवर २०२२ची बातमी दाखवली, की एकाच मालकाच्या अनेक गाड्यांसाठी मिळून एकच ‘फ्लोटर’ पॉलिसी आणि जेवढं चालवाल तेवढा हप्ता, या दोन्हींना इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, परवानगी दिली आहे. हेही खरं. आणि मग याच ओघात त्याने दोन खोट्या गोष्टी खपवल्या. सिटीवरचा ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) याही गाडीला लागतो म्हणाला, आणि दहा वर्षांवरच्या स्पोर्ट्स कारला ‘क्लासिक’ म्हणून थर्ड पार्टीत (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा, कायद्याने सक्तीचा विमा) सवलत आहे म्हणाला.

नो क्लेम बोनस मालकाचा असतो हे बरोबर, म्हणूनच गाडी विकून दुसरी घेतली तर तो नव्या गाडीवर नेता येतो. पण सिटी माझ्याकडेच असताना तोच बोनस एकाच वेळी दोन गाड्यांवर चालत नाही. खोटा बोनस दाखवलेली पॉलिसी अगदी खरी असली, तरी क्लेमच्या वेळी कंपनी तो मुद्दा काढतेच. आणि थर्ड पार्टीतली निम्मी सवलत विंटेज गाड्यांना आहे. विंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरच्या. २०१०ची गाडी त्यात कशी बसणार?

पैसे यूपीआयने एका ‘एजन्सी’च्या खात्यावर मागितले. दोन तासांत पीडीएफ आली. लोगो, शिक्का, पॉलिसी नंबर, माझा चेसिस नंबर, अठरा लाखांची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), सगळं जागच्या जागी. एमपरिवहनवर पाहिलं, तर गाडीचा विमा वैध, मुदत पुढच्या वर्षापर्यंत. सरकारी अ‍ॅपवर दिसतंय म्हटल्यावर शंकेला जागा उरत नाही, आणि हा सगळा सापळा त्याच भरवशावर रचलेला असतो.

वळवाच्या पावसात सोसायटीतल्या गुलमोहराची जाड फांदी गाडीवर पडली. छताचे दोन्ही पत्रे दबले, मागची काच फुटली, घडीची यंत्रणा अडकली. मी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर क्लेम नोंदवायला फोन केला. पलीकडच्या बाईंनी पॉलिसी नंबर घेतला, गाडीचा नंबर जुळवून पाहिला आणि विचारलं, “सर, बाइकला नेमकं काय झालंय?”

त्या नंबरची पॉलिसी खरी होती. माझ्याच नावावर, माझ्याच गाडीच्या नोंदणी क्रमांकावर. फक्त वाहनाचा वर्ग दुचाकी, ७५ ते १५० सीसी, नुसता थर्ड पार्टी विमा, मूळ हप्ता ७१४ रुपये. त्या माणसाने ऑनलाइन दुचाकीचा विमा काढताना माझ्या कारचा नंबर टाकला होता. विमा निघाला की त्याची मुदत सरकारी नोंदीत जाते, आणि अ‍ॅपवर आपल्याला ती तारीख दिसते. तो विमा कसला आहे हे दिसत नाही. मग त्याच पीडीएफवर वाहनाचा वर्ग, आयडीव्ही आणि हप्ता बदलून कागद मला पाठवला.

त्या रात्री मी तो कागद लॅपटॉपवर मोठा करून ओळ न् ओळ तपासली. ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग, १७,३५०. थर्ड पार्टी ३,४१६. बेरीज २०,७६६, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,७३८, एकूण २४,५०४. बेरीज चोख. पण १ जून २०२२पासूनच्या दरांत ३,४१६ हा आकडा १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारचा आहे. १५०० सीसीच्या वरच्या साध्या पेट्रोल-डिझेल खासगी कारला ७,८९७ लागतात, मग कंपनी कुठलीही असो, कारण थर्ड पार्टीचा मूळ दर सरकार ठरवतं आणि त्यात एजंटला एक रुपया कमी करता येत नाही. १००० सीसीपर्यंत २,०९४. हे तीन आकडे लिहून ठेवा, आणि दर बदलले की नवे लिहा. आपल्या साध्या पेट्रोल-डिझेल कारच्या पॉलिसीतली मूळ थर्ड पार्टीची ओळ त्यांच्याशी जुळत नसेल, तर कागदात काहीतरी गडबड असू शकते. माझ्या कागदावर आणखी एक खूण होती. मध्यस्थाच्या रकान्यात ‘डायरेक्ट’ छापलं होतं. मध्ये एजंट असेल तर तिथे त्याचं नाव आणि कोड यायला हवा. क्यूआर कोड बदलायचं त्याने कष्टच घेतले नव्हते; स्कॅन केल्यावर दुचाकीचीच पॉलिसी उघडली.

छताचा खर्च मी खिशातून केला. तो आकडा इथे लिहिण्यात अर्थ नाही, कारण मला झोप लागेना ती दुसऱ्याच विचाराने. या गाडीखाली कोणी आलं असतं तर? थर्ड पार्टी विम्यात मृत्यू आणि दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नसते. न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनी भरते. विमाच नसेल तर ती मालकाला भरावी लागते, आणि मालकाकडे नसेल तर अपघातात सापडलेल्याच्या घरच्यांच्या हाती फारसं काही पडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६चा पहिल्या वेळचा २,००० रुपये दंड त्यापुढे काहीच नाही.

स्वस्तात विमा मिळतो, पण प्रामाणिक मार्गाने तो किती स्वस्त होतो याला हद्द आहे. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही तक्त्यावरून ठरत नाही, कंपनी आणि आपण मिळून ठरवतो, म्हणून तिथे घासाघीस करा. पण हप्ता वाचवायला ती फार खाली आणू नका, गाडी चोरीला गेली तर तेवढेच पैसे हातात येतात. किलोमीटरवर आधारित विमा दुसऱ्या गाडीसाठी खरोखर उपयोगी आहे. मी आता तोच घेतला. मधल्या काळात खरा विमा नसल्यामुळे आधी गाडीची तपासणी करून घ्यावी लागली, आणि हप्ता चाळीस हजारांच्या वर गेला. बाकीच्या सवलती किरकोळ असतात. जुन्या टॅरिफमध्ये (सगळ्या कंपन्यांना लागू असलेल्या दरपत्रकात) ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सदस्यत्वाची सूट २०० रुपयांपर्यंत आणि मान्यताप्राप्त चोरीरोधक यंत्राची ५०० रुपयांपर्यंतच होती. अशा सवलती जोडून पासष्टाचे चोवीस कुणालाच करता येत नाहीत.

पैसे कंपनीच्या स्वतःच्या पेमेंट लिंकवरच भरा, आणि पॉलिसी एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून न घेता कंपनीच्या साइटवरून स्वतः डाउनलोड करा. फसवणूक लक्षात आली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच नोंद करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत निघून जातात. ती पॉलिसी दुचाकीचीच असल्याचं कंपनीकडून लेखी घ्या. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची आणि ३३६ खाली बनावट कागदाची तक्रार देताना ते पत्र हाताशी लागतं. कंपनीने दादच दिली नाही तर इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर जा.

माझी तक्रार नोंदली गेली आहे, तपास सुरू आहे. त्याच गॅरेजच्या आणखी दोन गिऱ्हाइकांनी आपले क्यूआर कोड स्कॅन केले, तर दोन्हीकडे दुचाकीच निघाली. त्यांतला एक रोज मुलीला शाळेत सोडायला तीच गाडी काढतो. आम्ही तिघांनी आता जबाब एकत्र दिले आहेत.